पॅराथायरॉइडची स्लाइड आणि तिच्यातल्या रिकाम्या पांढऱ्या जागा

परळकर (धागाकर्ता)

पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊती मायक्रोस्कोपखाली बघण्याच्या, प्रॅक्टिकलला थायरॉइड आणि पॅराथायरॉइड बहुधा एकाच दिवशी दाखवतात. थायरॉइड बघून मुलं खूश होतात. गोल गोल फॉलिकल (पेशींच्या पिशव्या), मधे गुलाबी कोलॉइड (घट्टसर द्रव), चित्र काढायला सोपं. मग पॅराथायरॉइड येते. जांभळे ठिपके आणि मधे मधे पांढरी भोकं एवढं काढून जर्नल मिटलं जातं. मी परळला पॅथॉलॉजी शिकवतो आणि या भोकांकडे कुणी बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. या ग्रंथीबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट तिथेच दिसते असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. पॅराथायरॉइड ग्रंथी थायरॉइडच्या मागच्या अंगाला असतात, बहुतेक माणसांत चार, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढी, वजन साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की पेशींवरचे कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर ते टिपतात आणि बघता बघता पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच, रक्तात सुटतं. ८४ अमिनो आम्लांचं हे हॉर्मोन हाडांतून कॅल्शियम बाहेर काढतं, किडनीला ते राखून ठेवायला लावतं आणि फॉस्फेट लघवीवाटे घालवतं. थायरॉइड आपलं हॉर्मोन कित्येक आठवडे पुरेल एवढं कोलॉइडमध्ये साठवते. पॅराथायरॉइडकडे साठा जेमतेम असतो, लागेल तसं बनवायचं आणि सोडायचं. त्यामुळे इथे पेशींच्या रांगा आणि पुंजके दिसतात आणि प्रत्येक रांगेला खेटून केशवाहिन्या.

आता स्लाइड. ४ एक्सवर आधी कडेची पातळ कॅप्सूल, म्हणजे ग्रंथीचं आवरण, बघा. तिच्यातून संयोजी ऊतींचे पडदे आत शिरतात, रक्तवाहिन्या त्यांच्याबरोबर जातात, पण ग्रंथीचे नीट कप्पे काही पडत नाहीत. ४० एक्सवर जी गर्दी दिसते ती चीफ पेशींची. बहुकोनी, ८ ते १० मायक्रॉनच्या, मधोमध गोल केंद्रक, सायटोप्लाझम फिकट गुलाबी किंवा जवळजवळ स्वच्छ. पीटीएच बनवतात त्या याच. हॉर्मोनचे कण इतके बारीक असतात की त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

अधूनमधून दुसरी जात दिसते, ऑक्सिफिल. चांगल्या मोठ्या, १२ ते २० मायक्रॉनपर्यंत, सायटोप्लाझम भडक गुलाबी आणि दाणेदार, केंद्रक लहान आणि गडद. हा रंग मायटोकॉन्ड्रियाचा. पेशी त्यांनी ठासून भरलेली असते.

आणि मग ती भोकं, म्हणजे चरबीच्या पेशी. नवजात बाळाच्या ग्रंथीत चरबी जवळजवळ नसतेच, सगळीकडे चीफ पेशी. वयात येताना चरबी दिसू लागते आणि चाळिशीपर्यंत वाढत जाते. जुन्या पुस्तकांत प्रौढ ग्रंथीची निम्मी जागा चरबीची असं सरसकट लिहिलेलं असे. पुढे मोजमाप झालं तेव्हा बहुतेकांत प्रमाण त्याहून बरंच कमी निघालं. अंगाने भरलेल्या माणसात ती जास्त, खंगलेल्यात कमी, आणि एकाच ग्रंथीच्या दोन टोकांतही फरक.

ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय का, हे एकेका पेशीकडे बघून सहसा कळत नाही. आजारी चीफ पेशी आणि निरोगी चीफ पेशी दिसायला सारख्याच असू शकतात. कळतं ते चरबी किती उरली आहे यावरून. पेशी वाढल्या की चरबी हटते. म्हणून स्लाइड हातात आली की आधी भोकं बघा, मग पेशी.

सई_शिवडी

सर, धागा अगदी वेळेवर आला, पुढच्या आठवड्यात स्पॉटर (स्लाइड ओळखायची परीक्षा) आहेत. दोन शंका आहेत. आमच्या सेटमधल्या एका स्लाइडमध्ये मधेच थायरॉइडसारखं गोल फॉलिकल आहे, आत गुलाबी द्रवही आहे. आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणांनी थायरॉइड लिहिलं. दुसरं म्हणजे ४० एक्सवर काही पेशी धड चीफ वाटत नाहीत, धड ऑक्सिफिलही नाहीत. त्यांना काय म्हणायचं?

परळकर

सई, फॉलिकल दिसलं म्हणून ताबडतोब थायरॉइड लिहायचं नाही. पॅराथायरॉइडमध्येही चीफ पेशी कधी कधी गोल रिंगण धरतात आणि आत गुलाबी द्रव साचतो. अशा वेळी १० एक्सवर परत ये आणि आजूबाजूला बघ. फॉलिकलच्या बाहेर पेशींचे भरीव पुंजके आणि मधे चरबी असेल तर ती पॅराथायरॉइड. थायरॉइडच्या आत चरबी सहसा दिसत नाही. शिवाय थायरॉइडच्या कोलॉइडमध्ये पोलरायझरखाली बऱ्याचदा ऑक्झलेटचे चमकणारे स्फटिक दिसतात, पॅराथायरॉइडच्या द्रवात ते नसतात. स्पॉटरला पोलरायझर कुणी देणार नाही, पण पुढे फ्रोझन सेक्शन, म्हणजे टिश्यू गोठवून घेतलेले काप, बघशील तेव्हा हे कामी येईल.

दुसऱ्या शंकेतलं तुझं निरीक्षण बरोबर आहे. त्या मधल्या पेशी खरोखर असतात, ट्रान्झिशनल ऑक्सिफिल म्हणतात त्यांना. चीफ पेशीत मायटोकॉन्ड्रिया वाढत जाऊन ऑक्सिफिल होते असं मानलं जातं, त्याच वाटेवरचा हा टप्पा.

मोजायला पट्टी हवी असेल तर शेजारच्या केशवाहिनीतली तांबडी पेशी घे. ती साधारण ७ मायक्रॉन. चीफ पेशी तिच्याहून थोडीच मोठी दिसते, ऑक्सिफिल दुप्पट. तेवढं एकदा डोळ्यात बसलं की रंग फिका असलेल्या जुन्या स्लाइडवरही चुकणार नाहीस.

स्लाइडवाला

लॅब टेक्निशियन म्हणून थोडी भर घालतो. ती भोकं रिकामी नसतात, आम्ही ती रिकामी करतो. टिश्यू फॉर्मॅलिनमधून अल्कोहोलमध्ये जातो, मग झायलीनमध्ये, मग गरम पॅराफिनमध्ये. अल्कोहोल-झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते आणि मागे पेशीचं नुसतं कुंपण उरतं. ग्लायकोजेनही बरंचसं धुतलं जातं, म्हणून काही चीफ पेशी आतून पोकळ वाटतात.

चरबी जागेवर बघायची तर टिश्यू गोठवून क्रायोस्टॅटवर कापायचा आणि ऑइल रेड ओ हा चरबी रंगवणारा रंग लावायचा. मग मोठ्या चरबीपेशी तर लाल होतातच, पण खुद्द चीफ पेशींच्या पोटात लालभडक बारीक थेंब दिसतात. ते पॅराफिनवर कधीच दिसणार नाहीत. निवांत असलेल्या चीफ पेशीत हे थेंब भरपूर असतात, जोरात काम करणाऱ्या पेशीत जवळजवळ नसतात. निरोगी प्रौढ ग्रंथीत बहुतेक चीफ पेशी निवांतच असतात, म्हणून सगळा तुकडा लाल ठिपक्यांनी भरून जातो.

एक विनंती सर्जन मंडळींना. ग्रंथी पाठवताना गॉजमध्ये गुंडाळून ठेवू नका. एवढासा तुकडा सुकतो आणि कडेच्या पेशी चिरडल्यासारख्या होतात. कॅप्सूल कडेलाच असते, नेमकी तीच वाचता येत नाही.

मिलिंद_मालाड

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे, पण धागा तीनदा वाचला. गेल्या वर्षी आईची (वय ६१) पॅराथायरॉइडची सर्जरी झाली. आधी किडनी स्टोन, मग वर्षभर पाय आणि कंबर दुखायची, वयामुळे असेल म्हणून आम्ही तिला तेलाने चोळून देत होतो. शेवटी एका फिजिशियननी कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही एकाच वेळी तपासायला सांगितलं आणि दोन्ही जास्त निघाले. डावीकडची खालची ग्रंथी काढली, वजन १.२ ग्रॅम.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पेशींची गर्दी जास्त, चरबी नाही, एका कडेला नेहमीच्या ऊतीची पट्टी, ॲडिनोमाशी सुसंगत, सर्जरीतल्या निष्कर्षांशी ताडून पाहावं. शिवाय काही केंद्रकं मोठी आणि गडद आहेत असंही होतं. ते वाचून बहिणीने रात्रभर इंटरनेट पालथं घातलं आणि कॅन्सर कॅन्सर करत रडली. आई आता उत्तम आहे. पण स्लाइड समोर असताना पॅथॉलॉजिस्ट सर्जरीशी ताडून पाहा असं का म्हणतात? त्यांना खात्री नव्हती का?

गळ्याचा_सर्जन

मिलिंदराव, आई बऱ्या आहेत हे वाचून छान वाटलं. तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, सविस्तर लिहितो.

पीटीएच आपोआप वाढण्यामागे दहापैकी आठ-साडेआठ वेळा एकच ग्रंथी असते. तिच्यात एका पेशीचा वंश वाढत जातो, तो ॲडिनोमा, म्हणजे साधी गाठ. दहा-पंधरा टक्क्यांत एकाहून जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात, ते हायपरप्लासिया. कॅन्सर एक टक्क्याहून कमी. आता गंमत बघा, ॲडिनोमाचा तुकडा आणि हायपरप्लासियाच्या एका ग्रंथीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवले तर कितीही अनुभवी माणसाला छातीठोक सांगता येईलच असं नाही. दोन्हीत पेशी गच्च, दोन्हीत चरबी गायब. कडेला चरबीवाल्या नेहमीच्या ऊतीची पट्टी दिसली तर ॲडिनोमाकडे कल जातो, कारण हायपरप्लासियात सगळी ग्रंथीच वाढते. पण कित्येक ॲडिनोमात ती पट्टी दिसत नाही आणि हायपरप्लासियातही ती कधी कधी दिसते. म्हणजे प्रश्न उरतो तो बाकीच्या तीन ग्रंथी कशा होत्या हा, आणि त्या टेबलावर मी पाहिलेल्या असतात, पॅथॉलॉजिस्टने नाही. ताडून पाहा याचा अर्थ एवढाच. खात्री नसण्याशी त्याचा संबंध नाही. तसं लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट मला जास्त विश्वासाचा वाटतो.

हा मुद्दा जुना आहे. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या एर्डहाइमने हाडं मऊ झालेल्या रुग्णांत पॅराथायरॉइड मोठ्या झालेल्या पाहिल्या. हाडं बिघडली म्हणून ग्रंथी जास्त काम करून वाढल्या, असं त्याने अनुमान काढलं. १९१५ मध्ये श्लागेनहाउफरने विचारलं की मग एकच ग्रंथी वाढलेली का सापडते? चारही वाढायला हव्यात. एकच वाढली असेल तर ती काढून टाका, असं त्याने सुचवलं. तरी १९२५ मध्ये व्हिएन्नाच्याच फेलिक्स मांडलने आपल्या रुग्णाला, तो ट्राम कंडक्टर होता, आधी दुसऱ्याची पॅराथायरॉइड रोपण करून पाहिली. उपयोग झाला नाही. मग गळा उघडून वाढलेली ग्रंथी काढली आणि माणूस सुधारला. पुढे काही वर्षांनी दुखणं परत आलं हेही खरं, पण हाड आणि ग्रंथी यांत आधी कोण बिघडतं हा वाद त्या सर्जरीने निकालात काढला.

मोठ्या, गडद केंद्रकांबद्दल बहिणीला नक्की सांगा. अंतःस्रावी ग्रंथींच्या साध्या गाठींत अशी केंद्रकं अगदी नेहमी दिसतात. पॅराथायरॉइडचा कॅन्सर ठरवताना गाठ आजूबाजूच्या ऊतीत, रक्तवाहिन्यांत किंवा नसांच्या भोवती घुसली आहे का, किंवा दूर पसरली आहे का, हे बघतात. नुसत्या केंद्रकाच्या आकारावरून कुणी कॅन्सर म्हणत नाही.

परळकर, चरबीचा तुमचा मुद्दा आम्हाला टेबलावरही उपयोगी पडतो. निरोगी ग्रंथी पिवळसर तपकिरी दिसते आणि आजूबाजूच्या चरबीत ओळखू येत नाही. शंका असेल तर कणभर तुकडा सलाइनच्या वाटीत टाकतो. चरबी तरंगते, पॅराथायरॉइड बुडते. फ्रोझन सेक्शनला पर्याय नाही तो, पण थायरॉइडच्या सर्जरीत चुकून निघालेली ग्रंथी ओळखून, तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत परत पेरायचे असतील तर वेळ वाचतो.

गिरणगाव

+१. वाचनखूण साठवली आहे.

दादरच्या_बाई

बाळांनो, मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. एवढा चांगला धागा आणि गेंड्याचं नाव कुणीच घेत नाही!

१८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा मेला. रिचर्ड ओवेनने त्याचं विच्छेदन केलं आणि थायरॉइडला चिकटलेली एक लहान, घट्ट, पिवळी ग्रंथी त्याने टिपली. जाड कातडीच्या त्या अवाढव्य जनावरात त्याने ती शोधली, याचं मला आजही नवल वाटतं. पण ही स्वतंत्र ग्रंथी आहे आणि ती माणसातही असते हे दाखवलं उप्साला इथल्या इव्हार सँडस्ट्रमने. १८७७ मध्ये विद्यार्थी असताना त्याला ती कुत्र्यात सापडली, मग त्याने ५० मानवी शव तपासून, मायक्रोस्कोपखालचं वर्णनही देऊन १८८० मध्ये छापलं. त्याच्या हयातीत फारशी कुणी दखल घेतली नाही. १८८९ मध्ये तो गेला आणि दोनच वर्षांनी फ्रान्सच्या ग्लेने या ग्रंथींचं महत्त्व पुढे आणलं. ऑक्सिफिलचं नीट वर्णन १८९८ चं, एडिनबरोच्या डेव्हिड वेल्शचं.

दुसरी गोष्ट खास आपल्या मुंबईकरांसाठी. माशांना पॅराथायरॉइड नसते. पाण्यातलं कॅल्शियम त्यांना कल्ल्यांतून थेट घेता येतं. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना ती सोय राहिली नाही आणि त्यांच्यात ही ग्रंथी दिसू लागते. २००४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की आपल्यात पॅराथायरॉइड घडवणारा जीसीएम२ हा जीन माशांत कल्ल्यांच्या वाढीला लागतो. गर्भातही आपल्या या ग्रंथी घशाच्या त्याच कप्प्यांतून येतात. वरची जोडी चौथ्या कप्प्यातून, खालची तिसऱ्यातून. सुरमईचे कल्ले काढून टाकताना आपण पॅराथायरॉइडचं जुनं गोत बघत असतो, असं मी वर्गात सांगायचे आणि मागच्या बाकावरची मुलंही कान टवकारायची.

गळ्याचा_सर्जन

बाई, नमस्कार. तुम्ही गर्भाचं लिहिलंत ते आम्हाला रोज भेडसावतं. खालची ग्रंथी थायमस या छातीतल्या ग्रंथीबरोबर खाली सरकते, त्यामुळे ती जबड्याखालपासून छातीपर्यंत कुठेही राहू शकते. १९२६ पासून अमेरिकेत कॅप्टन चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाच्या गळ्याच्या सर्जरीवर सर्जरी होत गेल्या आणि १९३२ मध्ये सातव्या वेळी ॲडिनोमा सापडला तो छातीत.

सई_शिवडी

बाईंचं कल्ल्यांचं वाचून एम्ब्रियॉलॉजी पहिल्यांदा लक्षात राहिली. परळकर सर, एक राहिलंच. ऑक्सिफिलमध्ये एवढे मायटोकॉन्ड्रिया असतात तर त्यांचं काम काय? पुस्तकात फक्त "कार्य अज्ञात" लिहिलंय. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) तेच सांगू?

परळकर

त्यावर थांबू नकोस, त्याच्या पुढचंही सांग. ऑक्सिफिल लहान मुलांत जवळजवळ नसतात, वयात येण्याच्या सुमारास दिसू लागतात आणि उतारवयात त्यांचे पुंजके होतात. उंदरात तर त्या नसतातच. म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यात सोयीच्या प्राण्यात त्यांचा अभ्यास करता येत नाही, हे घोडं अडण्याचं मोठं कारण. हॉर्मोनचे कण त्यांच्यात तुरळक, म्हणून त्या बिनकामाच्या, निवृत्त पेशी समजल्या जात. पण किडनी निकामी होऊन वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या ग्रंथीत ऑक्सिफिल चांगल्याच वाढतात, आणि अशा ग्रंथींतल्या ऑक्सिफिलमध्ये पीटीएच आणि जीसीएम२ यांचे जीन चालू असल्याचं संशोधकांना आढळलं आहे. त्यांना मृतवत म्हणणं आता पटत नाही.

व्यवहारात त्यांचा उपयोग सेस्टामिबी स्कॅनमध्ये कळतो. टेक्नेशियम लावलेलं ते औषध मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं. थायरॉइडमधून ते लवकर धुऊन जातं, मायटोकॉन्ड्रियाने भरलेल्या पॅराथायरॉइड ॲडिनोमात रेंगाळतं आणि उशिराच्या फोटोत ठिपका उरतो. ज्या ॲडिनोमात ऑक्सिफिल कमी असतात तो कधी कधी स्कॅनला हुलकावणी देतो. व्हायव्हात एवढं सांगितलंस तर पुढचा प्रश्न परीक्षकांना सुचायला वेळ लागेल.

मिलिंद_मालाड

सर्जनसाहेब, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बहिणीला पाठवला, ती आत्ता शांत झाली. शेवटचा प्रश्न. सर्जरीनंतर तिसऱ्या दिवशी आईच्या ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, कॅल्शियमच्या गोळ्या वाढवल्या मग थांबलं. तीन चांगल्या ग्रंथी आत होत्या ना, मग असं का झालं?

गळ्याचा_सर्जन

याचं उत्तर स्लाइडवाल्यांच्या लाल थेंबांत आहे. एक ग्रंथी वर्षानुवर्षं भरमसाट पीटीएच सोडत होती, रक्तात कॅल्शियम कायम चढलेलं होतं. बाकीच्या तिघींना ते सतत कळत होतं, म्हणून त्यांनी काम जवळजवळ थांबवलं होतं. अशा ग्रंथीची ऑइल रेड ओ केली तर चीफ पेशी थेंबांनी गच्च भरलेल्या दिसतात. मोठी ग्रंथी काढली की रक्तातलं पीटीएच मिनिटांत उतरतं, कारण त्याचं अर्धायुष्यच दोन-चार मिनिटांचं. आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये दहा मिनिटं थांबून रक्त तपासतो ते त्यासाठीच. निम्म्याहून जास्त उतरलं की बहुधा काम झालं. पण झोपलेल्या तीन ग्रंथींना पुन्हा कामाला लागायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. त्यातच इतके दिवस कॅल्शियम गमावलेली हाडं ते रक्तातून भराभर ओढू लागतात. आपल्याकडे बऱ्याच रुग्णांत ड जीवनसत्त्वही कमी असतं आणि हाडांचं दुखणं पुढे गेल्यावर लोक येतात, त्यामुळे ही ओढ जास्तच. मुंग्या त्याच्याच.

गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या ते आईंच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे कुणाच्या सांगण्यावरून कमी-जास्त करू नका. आणि सर्जरीला सहा महिने उलटून गेलेत, तर कॅल्शियम आणि पीटीएच एकदा एकत्र तपासून घ्या. सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम योग्य पट्ट्यात असेल तर सर्जरी यशस्वी झाली असं आम्ही धरतो. स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक लॅबकडून मागता येतात, रिपोर्टच्या प्रतीबरोबर घरी नीट ठेवा. पुढे कधी दुसरं मत घ्यायचं झालं तर नुसता कागद पुरत नाही.